संकरित जास्वंद: छाटणीच्या तारखेवरून फुलांची तारीख

रोपवाटिकेतून नेलेली संकरित जास्वंद पहिल्या हंगामात बशीएवढी फुले देते. पुढच्या वर्षी तोच ग्राहक बहुधा तीनपैकी एक तक्रार घेऊन परत येतो. ‘झाड नुसतेच उंच गेले, खाली पान नाही आणि शेंड्याला एखादेच फूल.’ ‘छाटणी केली आणि महिन्याभरात झाड वाळले.’ ‘पिवळी जास्वंद नेली होती, आता लाल फुले येतात.’ या तिन्ही तक्रारींचे कारण बहुतेक वेळा छाटणीत सापडते. पहिल्या झाडाची छाटणी झालीच नाही, दुसऱ्याची छाटणी झाली पण पाणी पूर्वीइतकेच चालू राहिले, तिसऱ्याची छाटणी कलमाच्या जोडाखाली झाली.

तुम्ही रोपवाटिका चालवत असाल किंवा कुंडीतील फुलझाडे विकत असाल, तर प्रत्येक तक्रारीमागे एक झाड आणि एक ग्राहक जातो. कलमी रोप साध्या जास्वंदीपेक्षा महाग असते, म्हणून नुकसानही मोठे असते. या लेखात संकरित जास्वंदीची छाटणी कधी, कोठे आणि किती करावी, तसेच छाटणीला जोड म्हणून माती, पाणी, खत व कीड नियंत्रण कसे ठेवावे याची माहिती दिली आहे.

संकरित जास्वंद म्हणजे काय?

आपल्या परसातील लाल जास्वंदीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. ही भेंडी आणि कापसाच्या कुळातील वनस्पती आहे. या जास्वंदीचा उष्ण कटिबंधातील इतर जवळच्या प्रजातींशी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून आजच्या मोठ्या फुलांच्या जाती तयार झाल्या. हवाई बेटे, फ्लोरिडा आणि ऑस्ट्रेलिया येथील हौशी व व्यावसायिक संकरकारांचा यात मोठा वाटा आहे. अमेरिकेत जास्वंदप्रेमींची संस्था 1950 मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून नव्या जातींची भर सतत पडत आहे.

साध्या लाल जास्वंदीच्या तुलनेत संकरित जातींमध्ये पुढील फरक दिसतात:

- फूल 15 ते 20 सें.मी. व्यासाचे, काही जातींत त्याहून मोठे असते. एकाच फुलात दोन-तीन रंग, कडा, डोळा किंवा छटा असतात.
- साधे फूल सकाळी उमलून संध्याकाळी मिटते. अनेक संकरित जातींचे फूल दोन ते तीन दिवस टिकते.
- वाढ सावकाश होते आणि मुळे नाजूक असतात. साचलेले पाणी व कडक माती ही झाडे सहन करत नाहीत.
- बियांपासून केलेले प्रत्येक रोप वेगळे निघते. आईसारखेच फूल हवे असेल, तर कलम किंवा छाट लावण्याला पर्याय नाही.

बाजारात ‘पुणे जास्वंद’, ‘ऑस्ट्रेलियन जास्वंद’ अशी नावे ऐकू येतात. ही व्यापारी नावे आहेत. त्यावरून नेमकी जात समजत नाही. मातृवृक्ष घेताना फूल प्रत्यक्ष पाहा, फोटो काढा आणि स्वतःचा क्रमांक देऊन नोंद ठेवा.

दुकानात दिसणारी बुटकी, कळ्यांनी भरलेली रोपे अनेकदा वाढरोधक संजीवक देऊन तयार केलेली असतात. आंब्याला पॅक्लोब्युट्रॅझॉल देणाऱ्या बागायतदारांना हा प्रकार माहीत आहे. काही महिन्यांनी संजीवकाचा परिणाम ओसरतो आणि झाड आपल्या मूळ उंचीने वाढू लागते. त्यामुळे ‘रोप बदलले’ असे ग्राहकाला वाटते. अशा वेळी रोपात दोष नसतो. छाटणीने आकार सांभाळण्याची वेळ आलेली असते.

फूल नव्या फुटीवरच येते

जास्वंदीची कळी चालू वाढीच्या फांदीवर, शेंड्याजवळच्या पानांच्या बेचक्यात येते. जुन्या, तपकिरी झालेल्या लाकडावर फूल येत नाही. फांदी वाढत राहते तशी कळीची जागा वर सरकत जाते आणि मागचा भाग उघडा पडतो. म्हणून न छाटलेल्या झाडाला चार लांब काठ्या आणि चार शेंड्यांवर चार फुले एवढेच उरते. त्याच चार फांद्या योग्य जागी कापल्या, तर प्रत्येकीतून दोन-तीन नवे फुटवे निघतात. म्हणजे फुलांच्या जागा चारावरून आठ ते बारा होतात.

द्राक्ष बागायतदारांना हा हिशोब समजायला सोपा जाईल. गोडी छाटणीच्या तारखेवरून जसा माल निघण्याचा अंदाज बांधता येतो, तसा जास्वंदीतही छाटणीच्या तारखेवरून फुले येण्याचा अंदाज बांधता येतो. पण साम्य येथेच संपते. द्राक्षवेल छाटणीत पूर्ण उघडी केली तरी ओलांड्यातील अन्नसाठ्यावर फुटते. जास्वंद सदाहरित आहे. तिला सगळी पाने काढलेली चालत नाहीत. नाजूक मुळांची संकरित जास्वंद द्राक्षासारखी किंवा ऑक्टोबरातील गुलाबासारखी खरडून छाटली, तर ती दगावण्याची शक्यता मोठी असते.

छाटणीपासून फुलापर्यंत किती दिवस?

उबदार हवामानात संकरित जास्वंदीला छाटणीनंतर पहिले फूल यायला साधारण 10 ते 14 आठवडे लागतात. नियोजनासाठी 12 आठवडे धरा. साध्या लाल जास्वंदीला 6 ते 8 आठवडे पुरतात. ढगाळ हवा, कमी ऊन आणि थंडी यामुळे हा काळ लांबतो. जातीनुसारही फरक पडतो, म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक जातीची छाटणीची तारीख आणि पहिल्या फुलाची तारीख वहीत लिहा. दोन हंगामांनंतर तुमच्या गावातील, तुमच्या जातींचा नेमका आकडा हाती येईल.

गणेशोत्सवाचे उदाहरण घेऊ. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. त्यावरून मागे मोजले, तर:

- संकरित जास्वंद: 14 आठवडे मागे 8 जून, 12 आठवडे मागे 22 जून, 10 आठवडे मागे 6 जुलै.
- साधी लाल जास्वंद: 8 आठवडे मागे 20 जुलै, 6 आठवडे मागे 3 ऑगस्ट.

समजा तुमच्याकडे संकरित जास्वंदीच्या 300 कुंड्या आहेत. सगळ्या एकाच दिवशी छाटण्याऐवजी 100-100 चे तीन गट करा आणि वरील तीन तारखांना छाटा. हवामान मागे-पुढे झाले तरी एक ना एक गट सणाच्या वेळी फुलात असतो. उरलेले गट आधी किंवा नंतर विक्रीला येतात. जून-जुलैतील पावसात छाटलेल्या कुंड्या पॉलिथीनच्या छताखाली ठेवण्याची सोय असेल, तरच हे वेळापत्रक पाळा.

येथे बाजाराचाही विचार करा. गणपतीला वाहण्यासाठी सुट्या फुलांच्या बाजारात मागणी असते ती लाल, पाच पाकळ्यांच्या जास्वंदीला. संकरित फुलाच्या मोठ्या, मऊ पाकळ्या वाहतुकीत चुरगळतात. सुट्या फुलांसाठी साधी लाल जास्वंद लावा आणि आदल्या संध्याकाळी पक्व कळ्या तोडा. त्या पाण्याशिवायही सकाळी उमलतात. संकरित जास्वंदीचे उत्पन्न फुलात असलेली कुंडी विकण्यातून येते.

कोणत्या विभागात कधी छाटावे?

जास्वंदीची वाढ 18 ते 32 अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. रात्रीचे तापमान 12 अंशांच्या खाली गेले की वाढ मंदावते आणि पाने पिवळी पडतात. दिवसाचे तापमान 36-38 अंशांच्या वर राहिले, तर कळ्या गळतात. त्यामुळे सगळ्या महाराष्ट्रासाठी एकच तारीख सांगता येत नाही.

*पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, नाशिक:* मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत करा. दुसरी, हलकी छाटणी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाची उघडीप पाहून करा. या दुसऱ्या छाटणीची फुले नोव्हेंबरमध्ये येतात. वर्षातील सर्वांत मोठी आणि गडद रंगाची फुले याच काळात मिळतात, कारण हवा थंड होत असते आणि ऊन स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत छाटणी टाळा.

*कोकण आणि गोवा:* उघड्यावरील झाडांची छाटणी मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उरका, म्हणजे मोठा पाऊस सुरू होण्यापूर्वी काप सुकतो. संततधारेत छाटणी करू नका. दुसरी छाटणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात करा. या भागात थंडी सौम्य असल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी फुले चांगली मिळतात.

*मराठवाडा, विदर्भ, खानदेश:* मार्चअखेर ते मे या काळात छाटणी करू नका. पाने कमी झाल्यावर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते आणि फांदी वाळत खाली येते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हवा थंडावल्यावर, साधारण जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात छाटा. हलकी छाटणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करता येते.

छाटणीपूर्वी चार गोष्टी तपासा

1. झाड तजेलदार आहे का? पाने लोंबलेली, पिवळी किंवा मुळे कुजलेली असतील, तर आधी झाड सुधारा. आजारी झाडाची फक्त वाळलेली फांदी काढा.
2. कलमाचा जोड कोठे आहे? बुंध्याजवळ गाठ किंवा सालीच्या रंगात फरक दिसतो. तेथे रंगाची खूण करा.
3. गेल्या महिन्याभरात कुंडी बदलली आहे का? बदलली असेल तर थांबा. मुळांना आणि फांद्यांना एकाच वेळी इजा करू नका.
4. पुढचे दोन दिवस कोरडे आहेत का? ओल्या हवेत कापातून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळते.

छाटणी कशी करावी?

धारदार सिकेटर वापरा. बोथट हत्याराने साल चेचली जाते. प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसा, त्यामुळे रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जात नाही.

*पहिले काम – सफाई.* वाळलेल्या, रोगट, एकमेकांना घासणाऱ्या आणि झाडाच्या मध्याकडे वळलेल्या फांद्या काढा. मध्यभागी हवा आणि उजेड पोहोचला पाहिजे.

*दुसरे काम – रानफुटवे.* कलमाच्या जोडाखालून आलेला प्रत्येक फुटवा मुळापासून काढा. खुंट हा जोमदार साध्या जास्वंदीचा असतो. त्याचा फुटवा वेगाने वाढतो, वरच्या संकरित भागाचे अन्न घेतो आणि दोन-तीन हंगामांत तो भाग मरतो. ‘पिवळीची लाल झाली’ या तक्रारीचे हेच कारण आहे. झाड बदललेले नसते, खुंट वर आलेला असतो. त्याच कारणाने जोडाखाली कधीही काप घेऊ नका.

*तिसरे काम – उंची कमी करणे.* उरलेल्या फांद्या एक-तृतीयांशाने कमी करा. 60 सें.मी. लांबीची फांदी असेल, तर 20 सें.मी. कापा आणि 40 सें.मी. ठेवा. काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर सुमारे अर्धा सें.मी. अंतरावर, किंचित तिरका घ्या. डोळ्याच्या अगदी जवळ कापले तर डोळा वाळतो. फार वर कापले तर उरलेला खुंटा सडत खाली येतो. डोळा बाहेरच्या बाजूचा असला की नवी फांदी बाहेर जाते आणि झाड वाटीसारखे मोकळे राहते.

प्रत्येक फांदीवर काही हिरवी पाने राहिलीच पाहिजेत. फांदीच्या खालच्या भागात पाने नसतील, तर एकदम खाली कापू नका. आधी शेंडा कापा. खाली फुटवे दिसू लागले की पुढच्या छाटणीत त्यांच्यापर्यंत खाली या.

कापांवर, विशेषतः पेन्सिलीपेक्षा जाड फांदीवर, बोर्डो पेस्ट किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची पेस्ट लावा.

*कमजोर किंवा मौल्यवान झाडासाठी टप्प्याटप्प्याने छाटणी:* पहिल्या महिन्यात सर्वांत लांब एक-तृतीयांश फांद्या छाटा, दुसऱ्या महिन्यात पुढच्या, तिसऱ्या महिन्यात उरलेल्या. वेळ जास्त लागतो, पण झाडावर पाने कायम राहतात आणि फुलेही पूर्ण बंद होत नाहीत. मातृवृक्षांसाठी हीच पद्धत ठेवा.

*शेंडा खुडणे:* नव्या फुटीला 5-6 पाने आल्यावर कोवळा शेंडा नखाने खुडला, तर आणखी फांद्या मिळतात. मात्र फुले तीन-चार आठवडे पुढे जातात. सणाची तारीख गाठायची असेल, तर हा काळ हिशोबात धरा. कमी फांद्या ठेवल्या तर फूल मोठे मिळते, जास्त ठेवल्या तर फुलांची संख्या वाढते. विक्रीच्या कुंडीत 6 ते 8 चांगल्या फांद्या पुरेशा आहेत.

छाटणीनंतरचे तीन आठवडे

छाटलेली झाडे मरतात ती बहुतेक याच काळात, आणि कारण असते पाणी. पानांतून पाण्याचे बाष्पीभवन होते. एक-तृतीयांश पाने गेली की झाडाची पाण्याची गरजही तेवढी कमी होते. आपण मात्र सवयीने पूर्वीइतकेच पाणी देतो. कुंडी ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि मूळकूज सुरू होते. मग पाने लोंबतात. ती पाहून पाणी कमी पडले असे वाटते आणि आणखी पाणी दिले जाते. त्यात झाड जाते.

म्हणून छाटणीनंतर बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहा. माती कोरडी लागली तरच पाणी द्या. पाने लोंबली असतील आणि माती ओली असेल, तर पाणी बंद करून कुंडी सावलीत, हवेशीर जागी ठेवा. डोळे फुगून फुटवे 2-3 सें.मी. झाले की पाणी हळूहळू वाढवा. रासायनिक खतही तेव्हाच सुरू करा. ताज्या छाटलेल्या झाडाला खताचा डोस देऊन फूट लवकर येत नाही. न उचललेले क्षार मुळांशी साठतात.

छाटलेली कुंडी आठ-दहा दिवस सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवा. नंतर पूर्ण उन्हात आणा.

माती, कुंडी आणि जागा

रोज किमान 5-6 तास ऊन हवे. एप्रिल-मेमध्ये मराठवाडा व विदर्भात दुपारी 35 ते 50 टक्के शेडनेटची सावली द्या.

मातीचा सामू 6 ते 7 असावा. कुंडीसाठी दोन भाग धुतलेले कोकोपीट, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग लाल माती आणि एक भाग परलाइट किंवा जाड वाळू असे मिश्रण चालते. कोकोपीट धुतल्याशिवाय वापरू नका, त्यात क्षार असू शकतात. निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका.

कुंडी मुळांच्या मानाने घ्या. 6 इंची पिशवीतील रोप 8 इंची कुंडीत आणि तेथून 10 ते 12 इंची कुंडीत न्या. लहान रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले, तर मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते.

जमिनीत लावायची असेल, तर 45 × 45 × 45 सें.मी. आकाराचे खड्डे 1.5 ते 2 मीटर अंतरावर घ्या. प्रत्येक खड्ड्यात 5 ते 8 किलो शेणखत मिसळा. भारी जमिनीत 30 ते 45 सें.मी. उंचीच्या गादीवाफ्यावर लागवड करून ठिबक वापरा. कलमाचा जोड मातीच्या वर राहील याची खात्री करा.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. नत्र वाढवून ते जात नाही. अशा जमिनीत ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह मुळांशी द्या.

खत: पालाश जास्त, स्फुरद कमी

‘फुलांसाठी स्फुरद’ हा समज जास्वंदीला लागू पडत नाही. संकरित जास्वंदीला नत्र मध्यम, पालाश भरपूर आणि स्फुरद कमी लागते. डीएपी, सिंगल सुपर फॉस्फेट, हाडांचा चुरा, 12:61:00 किंवा 00:52:34 वारंवार दिल्याने स्फुरद साठतो, लोह व जस्ताची उचल अडते, पाने पिवळी पडतात आणि कळ्या कमी होतात.

10-12 इंची कुंडीसाठी, वाढ चालू असताना, पुढील आठवडी क्रम ठेवता येतो. प्रत्येक वेळी कुंडीला सुमारे 1 लिटर द्रावण द्या:

- पहिला आठवडा: 13:00:45, 1.5 ग्रॅम प्रतिलिटर.
- दुसरा आठवडा: कॅल्शियम नायट्रेट, 1 ग्रॅम प्रतिलिटर.
- तिसरा आठवडा: 13:00:45, 1.5 ग्रॅम प्रतिलिटर.
- चौथा आठवडा: 19:19:19, 1 ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट, 1 ग्रॅम प्रतिलिटर. सूक्ष्म अन्नद्रव्ये लेबलवरील मात्रेत.

कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा स्फुरदयुक्त खतात मिसळू नका, साका तयार होतो. कोरड्या मातीत खताचे द्रावण देऊ नका, आधी साधे पाणी द्या. महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून भरपूर पाणी वाहू देऊन साठलेले क्षार धुवा. थंडीत वाढ थांबली की खत निम्मे करा.

अभिवृद्धी

*पाचर कलम:* संकरित जातींसाठी सर्वांत खात्रीची पद्धत. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, जोमदार साध्या जास्वंदीचा मुळ्या धरलेला खुंट घ्या. त्याच जाडीची, 8-10 सें.मी. लांबीची, 2-3 डोळे असलेली कलमकाडी निवडा. काडीची पाने काढा, खालचे टोक पाचरीसारखे तासा आणि खुंटाला दिलेल्या चिरेत बसवा. निदान एका बाजूची साल सालीला जुळली पाहिजे. कलमपट्टी बांधून वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. साधारण तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात. आपल्याकडे जून ते ऑगस्टमधील दमट हवा यासाठी अनुकूल आहे.

*छाट कलम:* छाटणीत निघालेल्या निमपक्व फांद्या फेकू नका. 10-15 सें.मी. लांबीचे छाट घ्या, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवा, खालचे टोक आयबीए संजीवकाच्या भुकटीत बुडवा आणि कोकोपीट-परलाइटमध्ये लावा. जोमदार जाती सहा ते आठ आठवड्यांत मुळ्या धरतात. नाजूक जातींत यश कमी मिळते, त्यांना कलमच करा.

*गुटी कलम:* थोड्याच रोपांची गरज असेल तर पावसाळ्यात करा.

कळ्या का गळतात?

कळी गळ दिसली की लगेच औषध फवारू नका. गळलेली कळी नखाने उकलून पाहा.

- आत पांढरट लहान अळ्या दिसल्या, तर कळीमाशीचा प्रादुर्भाव आहे. पडलेल्या व पिवळ्या पडलेल्या कळ्या रोज गोळा करून नष्ट करा. अळी मातीत कोष करते, त्यामुळे कळ्या कुंडीत पडू देऊ नका.
- पाकळ्यांवर तपकिरी ओरखडे आणि आत बारीक, सडपातळ कीटक असतील, तर फुलकिडे आहेत.
- कळी आतून स्वच्छ असेल, तर कारण हवामानात किंवा पाण्यात शोधा. कडक ऊन, कुंडी एकदा पूर्ण कोरडी पडणे, जागा बदलणे, थंडीची लाट किंवा खताचा जास्त डोस यापैकी काही घडले आहे का ते आठवा.

कळ्यांनी भरलेली कुंडी दूरवर पाठवताना काही कळ्या गळणारच. ग्राहकाला हे विक्रीच्या वेळीच सांगा.

कीड व रोग

*पिठ्या ढेकूण* ही मुख्य कीड. कोवळे शेंडे आखडतात, पाने चुरगळतात आणि पांढरा कापसासारखा थर दिसतो. यातील गुलाबी पिठ्या ढेकूण (मॅकोनेलिकॉकस हिरसुटस) ही महाराष्ट्रातील द्राक्षबागांचीही गंभीर कीड आहे. म्हणून नाशिक, सांगली, सोलापूर भागातील बागायतदारांनी द्राक्षाच्या बांधावर जास्वंद लावू नये. रोपवाटिकाचालकांनीही कीडग्रस्त रोपे अशा गावांत पाठवू नयेत. कापूस आणि भेंडीच्या शेजारीही हीच काळजी घ्या. पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, मावा आणि तुडतुडे एका पिकावरून दुसऱ्यावर जातात.

नियंत्रणासाठी:

- बाहेरून आलेली रोपे दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा.
- प्रादुर्भावग्रस्त शेंडे कापून पिशवीत बंद करा व नष्ट करा. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्या पिठ्या ढेकणांचे संरक्षण करतात.
- 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असा फवारा.
- दमट हवेत लेकॅनिसिलियम लेकॅनी ही जैविक बुरशी 5 ग्रॅम प्रतिलिटर याप्रमाणे संध्याकाळी फवारा.
- क्रिप्टोलेमस हा मित्रभुंगेरा उपलब्ध असल्यास सोडा. त्यानंतर रासायनिक फवारणी करू नका.

उन्हाळ्यात पानांवर बारीक पांढरे ठिपके आणि खाली जाळी दिसली, तर कोळी आहे. पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यास प्रादुर्भाव बराच कमी होतो. रासायनिक औषधाची गरज पडलीच, तर चालू लेबल शिफारस तपासून कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने निवड करा. जास्वंदीची फुले पूजेत आणि घरगुती तेलात वापरली जातात, हे विसरू नका.

*मूळकूज* रोखण्याचा खरा उपाय पाण्याचा निचरा हाच आहे. कुंड्या विटांवर ठेवा, तळाची छिद्रे मोकळी ठेवा आणि शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून वापरा.

विक्री करताना ग्राहकाला काय सांगावे?

प्रत्येक कुंडीसोबत एक छोटी चिठ्ठी द्या. त्यात एवढेच लिहा:

- ही खूण कलमाच्या जोडाची आहे. याखालचा फुटवा काढा आणि याखाली कधीही कापू नका.
- शेवटची छाटणी अमुक तारखेला झाली आहे. पुढची अमुक महिन्यात करा. एका वेळी एक-तृतीयांशच कापा.
- छाटणीनंतर नवी फूट दिसेपर्यंत पाणी कमी द्या.
- डीएपी घालू नका.

चिठ्ठीला खर्च नगण्य येतो. ती पाळणाऱ्या ग्राहकाची जास्वंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलते आणि तो दुसऱ्या रंगाची जास्वंद घ्यायला तुमच्याकडेच येतो.